तळाचं औषध

मॅट्रिक झालेल्या मुलीनं एक तर मास्तरीण व्हावं नाही तर नर्स, असं आमच्या वस्तीत ठरूनच गेलेलं होतं. मला दोन्ही नको होतं. पोरांवर ओरडायला मला आवडलं असतं, पण रोज तेच ते ओरडायचं म्हणजे कंटाळा. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचं कण्हणं ऐकायला जी माया लागते, ती माझ्यात मुळातच बेताची. मला तराजू आवडायचा. काचेच्या मापात ओतलेलं पाणी बरोबर रेघेवर येऊन थांबलं की मला जगात सगळं ठीक चाललंय असं वाटायचं. म्हणून मी औषधं बनवायच्या पदविकेला गेले. वडील चार लोकांत सांगायचे, "पोरगी कंपाउंडर व्हायलीय," आणि ऐकणारा हमखास विचारायचा, "बाई बी असती व्हय कंपाउंडर?"

औरंगाबादला वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर मी ते शिक्षण पुरं केलं. पण नुसत्या परीक्षेनं भागत नव्हतं. एखाद्या दवाखान्यात काही महिने हातानं काम करायचं, तिथल्या जुन्या माणसानं ही मुलगी तयार झाली असं कळवायचं, मग नाव नोंदलं जायचं, मग नोकरी. माझे हे महिने नेमके बहात्तरच्या दुष्काळात आले. उमरग्यापासून थोडं आत एका गावात दवाखाना होता, तिथं मला जागा मिळाली. जागा म्हणजे उभं राहायला जागा. पगार काही नाही.

मग खायचं काय, हा प्रश्न आक्कानं सोडवला. आक्का माझी थोरली बहीण. तिचा नवरा कामाच्या शोधात सोलापूरकडं गेला होता आणि त्याचा निरोप आला तर आला. त्या गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथं तिला खडी फोडायचं काम मिळालं. तान्ही पोरगी काखेला मारून ती आली आणि आम्ही दोघींनी मिळून एक पत्र्याची खोली घेतली. सकाळी ती हातोडा घेऊन तलावाकडं जायची आणि मी पदर खोचून दवाखान्याकडं. तिच्या हातोड्यावर माझं शिक्षण चाललं होतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळं मला ते जास्तच टोचायचं.

दवाखान्यातले जुने कंपाउंडर निजामाच्या काळात हैदराबादला शिकून आलेले होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. डोसाला ते खुराक म्हणायचे आणि मला बेटी. बोलणं कमी, पण हात असा चालायचा की बघत राहावं. त्या काळी औषध घ्यायला लोक बाटली घरून आणायचे. कुणी दारूची चपटी, कुणी खोबरेल तेलाची, कुणी सरबताची. ती हुंगून, धुऊन तिच्यात औषध भरायचं आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक खुराक. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा ती पट्टी बरोबर वाचायची. पहिला महिनाभर चाचांनी मला नुसत्या पट्ट्या कापायला लावल्या. मी आतून धुसफुसत होते, की दोन वर्षं शिकून मी कागद कापायला आले का.

मग त्यांनी मला औषध कालवायला दिलं. गंमत अशी, की ज्या गावात आमच्या हातचं पाणी प्यायला माणसं मागंपुढं बघायची, त्याच गावातली माणसं मी पाण्यात कालवलेलं औषध निमूट पिऊन जायची. मोठ्या घरची सासूबाई बाटली पुढं करायची तेव्हा मी मुद्दाम जरा जास्त वेळ ढवळायचे.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त खपायचं ते पांढरं औषध. हगवणीचं. खडूची पूड, डिंकाचं पाणी, दालचिनीचा वास आणि किंचित अफू. अफूमुळं पोट थंडावायचं आणि माणूसही. अफू मिसळलेली पूड कुलपात असायची आणि किल्ली चाचांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बेटी, ये दवा मोठ्या माणसाला. मोठ्या पोराला आधा खुराक. दूध पिणाऱ्या लेकराला बिलकुल न्हाय. त्याला साधा खडू." हे औषध ठेवलं की पांढरा गाळ तळाला बसायचा आणि वर पाणी निवळायचं. म्हणून प्रत्येक बाटली देताना सांगायचं, बाटली हलवून घ्या. दिवसभर हे सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा.

हगवण यायला कारण पाणी. विहिरी आटल्या होत्या. टँकरनं येणारं पाणी मातकट, गढूळ. घरोघरी ते भांड्यात भरून, तुरटी फिरवून ठेवायचे. गाळ खाली बसला की भांडं न हलवता, श्वास धरून वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं आणि खालचा गाळ राखून ठेवायचा, तो भांडी घासायला. लहान लहान पोरींनाही ते जमायचं. पाणी हलवलं म्हणून मार खाल्लेली पोर मी त्या वर्षी दारोदार बघितली.

एप्रिल सरता सरता मला काहीतरी खटकायला लागलं. पांढऱ्या औषधाची रांग वाढत होती आणि रांगेतल्या बायका एकसारख्या बोलत होत्या. "किती वेळा होतंय?" असं विचारलं की उत्तर, "चार-पाच बार." रंग कसा, तर "पान्यावानी." सगळ्यांची एकच गाऱ्हाणी, एकाच सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तशी. एका बाईनं आपलं म्हणून एक मोठं पोरगं पुढं केलं, नाक वाहणारं, गळ्यात तांब्याचा पैसा बांधलेलं. मी औषध दिलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाईबरोबर तेच पोरगं आलं. तांब्याचा पैसा तोच, शेंबूडही तोच.

"ह्याच्या आया किती गं?" मी विचारलं.

बाई ओशाळली. पोरगं मात्र खुशीत होतं. त्याला प्रत्येक खेपेला गुळाचा खडा मिळत होता.

मला आधी हसू आलं. साखर उसनी आणावी तसं पोरगं उसनं आणलं होतं बायांनी. मग हसू आपोआप थांबलं. मोठं पोरगं दाखवून औषध न्यायचं, म्हणजे ते जाणार होतं लहान्याच्या पोटात. मी त्या रात्री आक्काला विचारलं, की कामावर तान्ह्या पोरांना कोण सांभाळतं. ती म्हणाली, एक म्हातारी ठेवलीय सगळ्या बायांनी मिळून. पोरगी रडती का, असं विचारलं तर म्हणाली, "न्हाय. आता लई शान्यावानी ऱ्हाती." आणि तिनं कूस बदलली. पोरीचं पोट मी दाबून बघितलं. ते टणक लागलं, दोन-तीन दिवस साफ न झाल्यासारखं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला कामावरच्या पाण्याच्या पिंपांत टाकायची पावडर घेऊन पाठवलं. तरुण डॉक्टर, शहरातले, मनानं चांगले, पण कायम घाईत. पावडर टाकून होताच मी पोरं ठेवतात तिकडं गेले. बाभळीची झाडं होती चार-दोन, पाला झडलेली. फांद्यांना धडुती बांधून झोळ्या केल्या होत्या आणि काही पोरं खाली पटकुरावर ओळीनं झोपवली होती. पलीकडं पाचपन्नास बायांचे हातोडे दगडावर पडत होते. एवढा आवाज, वरून ऊन, माश्या तोंडावर बसलेल्या. आणि एकही पोर रडत नव्हतं.

मी तिथंच उभी राहिले. रडणारी पोरं मला कधीच आवडली नव्हती, पण त्या दिवशी एकानं तरी भोकाड पसरावं म्हणून मी वाट बघत होते.

मुकादम जवळ येऊन म्हणाला, "लई गुनाची लेकरं हायत इथली. दुसऱ्या कामावर नुसता कालवा असतो."

म्हातारी झाडाच्या बुंध्याशी बसली होती. तिच्यापुढं आमच्याच दवाखान्यातल्या बाटल्या होत्या, मी कापलेल्या पट्ट्या लावलेल्या. ती एक बाटली हळूच, श्वास धरून वाकडी करत होती आणि वरचं पाणी पळीत घेत होती.

"आजी, ती हलवायची असते," मी म्हटलं.

"खुळी हायस का बाई," ती म्हणाली. "गाळ जाईल की पोरांच्या पोटात. म्या वरचं निवळ तेवढं देती."

"आणि खालचं?"

तिनं मागचं फडकं उचललं. तिथं एक मोठी बाटली होती, जवळजवळ भरलेली. सगळ्या बाटल्यांचा तळ तिनं त्यात गोळा केला होता. घट्ट, दह्यासारखा पांढरा. "टाकवत न्हाय," ती म्हणाली. "औषद हाय. लागलं कवा तर."

वरच्या निवळ पाण्यात अफू अगदी थोडी उतरत असणार, तेवढ्यानंच पोरं अशी पडून होती. बाकीची सगळी अफू त्या बाटलीत साठत होती. मी ती बाटली मागितली. म्हातारीनं ती मांडीखाली घेतली. मी आवाज चढवला तशा बायका जमल्या. त्यांत आक्काही होती. मी त्यांना सांगितलं, की ही अफू आहे, पोर झोपेत श्वास घ्यायचं विसरेल. एकजण म्हणाली, "आमच्या आयांनी बी दिलीया अफू. आमी जित्या हाव न्हवं?" दुसरी म्हणाली, ढीग मोजला जातो तो सगळ्या टोळीचा मिळून. एक बाई पोराला घ्यायला उठली की सगळ्यांची खडी कमी भरते, मग ती बाई टोळीतून जाते.

मी आक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "उद्यापास्नं तू ये खडी फोडायला. म्या बसती तुझ्या दवाखान्यात सावलीला."

एवढ्या बायकांत बहिणीनं असं बोललेलं मला फार लागलं. मी बाटली तशीच सोडून आले.

चाचांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग कपाटाला कुलूप लावून म्हणाले, "आज से पांढरी दवा बिना अफूची. सगळ्यांना." त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर तेव्हा एका माणसाच्या जखमेचे टाके काढत होते. त्यांनी मान हलवली. ऐकलं किती आणि किती नाही, देव जाणे. तळाच्या बाटलीचंही मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी तिकडं जाणारच आहे, तेव्हा बघतो.

आमचं नवं औषध दिसायला तसंच पांढरं होतं. आतून मात्र नुसता खडू. दोन दिवसांत त्याचा परिणाम दिसला. पोरांची पोटं सुटली, झोप उडाली, आणि कामावर जो कालवा सुरू झाला तो म्हणे सडकेपर्यंत ऐकू यायचा. आक्काची पोरगी रात्रंदिवस रडत होती. तिला दात येत होते, तशात अफूची सवय तुटलेली. आक्का तिला पाठीशी बांधून खडी फोडायची. संध्याकाळी तिच्या पाठीवर ओरखडे दिसायचे. टोळीतल्या बायांनी तिला दोनदा सुनावलं होतं. आमच्या खोलीत आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. मला वाटत होतं, की थोडं सोसलं की पोरं ताळ्यावर येतील. मनातून मात्र त्या मोठ्या बाटलीचा विचार जात नव्हता. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "म्हातारीनं वतून दिली." मला ते खरं वाटलं नाही, पण खरं धरून चालायला बरं वाटलं.

बाजाराचा दिवस आला. डॉक्टर सकाळीच जीपनं कामावर गेले आणि उन्हं चढायच्या सुमाराला परत आले. हात धुता धुता ते आमच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "त्या बायका औषध हलवतच नाहीत हो. वरचं पाणी पाजतात आणि म्हणतात, औषधात जोर राहिला नाही. आज सगळ्यांना उभं करून नीट समजावलं. म्हटलं, खरं औषध तळाला असतं."

चाचांच्या हातातला बत्ता थांबला.

"आणि ती बाटली, सर?" मी विचारलं. "तळ साठवलेली?"

"कुठली बाटली?" डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. एवढ्या शिकलेल्या माणसाचा चेहरा इतक्या लवकर असा उतरलेला मी त्याआधी बघितला नव्हता. मला त्यांचा रागसुद्धा आला नाही. ते बोलले होते त्यातलं अक्षरही चूक नव्हतं. नव्या औषधाच्या बाबतीत ते निरुपद्रवी होतं. पण म्हातारीला नवं आणि जुनं एकच होतं. दोन्ही पांढरं.

जीप अजून सुरूच होती. चाचांनी चहाची पूड आणि किटली घेतली, डॉक्टरांनी पेटी घेतली. रस्ता फार लांबचा नव्हता, पण खडबडीत, आणि धुळीनं पुढचं दिसत नव्हतं. मी मनात म्हणत होते, पोरगी आक्काच्या पाठीवर असेल. ती रोज पाठीवरच असते. आज पण असेल.

तलावाजवळ पोचलो तेव्हा फक्त हातोडे ऐकू येत होते.

आक्का ढिगावर होती. तिची पाठ रिकामी होती.

म्हातारी झाडाखाली पदरानं वारा घालत होती आणि आम्हाला बघून तिला बरं वाटलं. "साहेब, तुमी सांगितलं तसं केलं," ती म्हणाली. "तळाचं दिलं. बगा समदी कशी निजली." तिच्यापुढची मोठी बाटली अर्ध्यावर आली होती.

डॉक्टरांनी पहिल्या पोराची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. ते एकामागून एक पोर बघत गेले. काही साधी झोपलेली होती, हलवल्यावर कुरकुरली. काहींचा श्वास इतका सावकाश चालला होता, की एक झाला की दुसरा येतो का नाही याची वाट बघावी लागायची. आक्काची पोरगी त्यांतली होती. ओठ निळसर. मी तिला उचललं तर मान मागं पडली.

मी आक्काला हाक मारली. ती हातोडा हातातच घेऊन धावत आली. मी पोरगी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "हिला रडव."

ती नुसती बघत राहिली. मला तिचं समजत होतं. इतके दिवस तिचा सारा जीव त्या पोरीला गप्प करण्यात गेला होता. आता मी उलटं सांगत होते.

"मार हिला," मी म्हटलं. "चिमटं काढ. झोपू देऊ नको."

आक्काचा हात उठेना. मग मीच पोरीच्या तळपायांवर चापट्या मारायला लागले. पिंपातलं पाणी तोंडावर मारलं. कानाची पाळी नखानं दाबली. श्वास थांबला असं वाटलं की तोंडाला तोंड लावून फुंकायचे. ज्या मुलीला आजाऱ्याजवळ बसायला नको होतं, तिला त्या दिवशी दुसरं काही करता येत नव्हतं. डॉक्टर श्वासासाठीची इंजेक्शनं देत फिरत होते. चाचांनी तीन दगडांची चूल मांडून गुंगी उतरवायला काळाकुट्ट चहा उकळला, आणि ज्या पोरांना गिळता येत होतं त्यांच्या तोंडात ते थेंब थेंब सोडत होते. बायका भोवती उभ्या होत्या. हातोडे एकदाचे थांबले होते.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती एवढं आठवतं. पोरीनं एकदम पाय आखडून घेतला. मी आणखी एक मारली. तिनं तोंड वाकडं केलं, आवाज आला नाही. आक्कानं तेव्हा तिला माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतःच तिच्या तळव्यावर फाडकन मारलं. पोरगी रडली. बारीक, फाटक्या आवाजात, पण रडली. आक्का खडीवर बसली आणि तिला रडवत राहिली. पोर गप्प झालं की मारायची, आणि मारताना स्वतः रडायची.

बाकीचीही एकेक करून रडायला लागली. एक सोडून. तो टोळीतल्या सगळ्यांत तरण्या पोरीचा पहिलाच मुलगा होता, अंगानं सगळ्यांत लहान. डॉक्टर त्याच्याजवळ दिवस मावळेपर्यंत बसले होते. ती पोरगी त्यांना म्हणत होती, "ऱ्हाऊ द्या आता साहेब, लई मारलंत त्याला."

गावात सगळे म्हणाले, पोर हगवणीनं गेलं. म्हातारी दुसऱ्या दिवसापासून आली नाही, तिला मुलीच्या गावाला नेलं असं कळलं. ती वाईट होती असं मी कधी म्हणणार नाही. गढूळ पाण्यानं जे तिला शिकवलं ते तिनं केलं, आणि नंतर साहेबानं शिकवलं ते केलं. डॉक्टर पुढं कधी मोकळेपणानं बोलले नाहीत. औषध देताना ते एकेका बाईला तेच तेच तीनतीनदा सांगायचे, इतकं, की बायका कंटाळून निघून जायच्या. काम एक दिवस बंद राहिलं आणि पुन्हा सुरू झालं. बंद ठेवून कुणालाच परवडणार नव्हतं.

चार-सहा दिवसांनी आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "टोळीवाल्या म्हनत्यात, पोरगी अशीच रडाय लागली तर मला काडून टाकत्याल. काम सुटलं तर तुझं बी सुटंल." ती म्हणाली, "तू थोडं दे. मोजून दे. तुज्या हातचं असलं म्हंजी मला भ्या न्हाय."

मी तिच्या थोबाडीत मारली. माझ्या थोरल्या बहिणीच्या, जिचं मी खात होते तिच्या. भाकरी तव्यावर करपली. आक्कानं ती उलटली आणि शांतपणे विचारलं, "मग म्या काय करू, तेवडं सांग." मला संताप आला होता तो तिच्यावर नव्हता, हे मला तेव्हाच कळत होतं. पण दुसरं कुणी समोर नव्हतं. तिला काय सांगायचं ते दोन वर्षांच्या शिक्षणात कुठंच आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर जाताना दवाखान्यात आली, पोरीला माझ्यापुढं तराजूशेजारी ठेवलं आणि मागं न बघता निघून गेली. चाचांनी तराजू सरकवला. त्यांनी बाटल्यांचं रिकामं खोकं आणलं, त्यात आपला रुमाल अंथरला आणि म्हणाले, "इथं राहू दे बेटी."

पोरगी सकाळभर रडली. मी एका हातानं पट्ट्या चिकटवत होते, दुसऱ्या हातानं खोकं हलवत होते, रांगेवर खेकसत होते. दुपारच्या सुमाराला ती रडून रडून दमली आणि झोपली. साधी झोप. मी दोनदा वाकून तिचा श्वास बघितला, पापणी उचलून बाहुली बघितली. सगळं ठीक होतं. खिडकीत एकदम शांत झालं.

मी मान वर केली तर रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच त्या दिवशी झाडाखाली होत्या. सगळ्या खोक्यातल्या पोरीकडं बघत होत्या. पुढची बाई जवळ सरकली. तिच्या काखेत तिचं पोर किरकिरत होतं. तिनं पदराखालून बाटली काढून हळूच पुढं केली आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "ताई, हिला काय दिलंय तेच आमाला बी द्या."

"काही दिलं नाही," मी म्हटलं. "ती आपली आपण झोपलीय."

तिनं मान हलवली, पण बाटली मागं घेतली नाही. तिच्या मागच्या बाईनंही आपली बाटली पुढं केली.